विश्लेषण : नव्या इमारतीला काच, दगड की साधा रंग? निवड चुकली तर फटका कोणाला?

मुंबई-ठाण्यात पुनर्विकासाची चर्चा वाढीव क्षेत्रफळ, कॉर्पस निधी आणि भाड्याभोवती फिरते. ‘एलिव्हेशन’चा विषय मात्र विकासकाने दाखवलेल्या रंगीत चित्रावर संपतो. प्रत्यक्षात बाहेरची भिंत कशाची आणि कोणत्या रंगाची, यावर घरातील उकाडा, पावसाळ्यातील ओल आणि आगीचा धोका ठरतो.

गडद रंगाने उकाडा वाढतो?

हो. काळा, गडद राखाडी, चॉकलेटी रंग ऊन शोषून घेतात, तर फिकट रंग ते परतवतात. दिवसभर तापलेली काँक्रीटची भिंत संध्याकाळनंतर ती उष्णता घरात सोडते. पश्चिमेकडील खोल्यांना याची झळ अधिक बसते. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात छत वगळून बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॅट ठेवली आहे.

मग सगळीकडे पांढरा रंग का नको?

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या पांढऱ्या भिंतीवर काळे ओघळ आणि शेवाळ लवकर दिसते. खडबडीत टेक्स्चरमध्ये धूळही साचते. उंच इमारत पुन्हा रंगवायची तर परांची किंवा झुल्याचा खर्च सोसायटीवरच येतो. त्यामुळे रंगाइतकाच छज्जा महत्त्वाचा. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या दक्षिण मुंबईतील आर्ट डेको इमारतींचे लांब छज्जे केवळ शोभेचे नाहीत. ते खिडक्यांवरचे ऊन आणि पाऊस अडवतात.

दगड टिकाऊ नाही का?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याच्या बेसाल्ट आणि मालाडच्या पिवळसर दगडात उभी आहे. तिथे दगड हाच भिंतीचा भाग आहे. आजच्या टॉवरवर बहुधा दगडाची पातळ लादी बाहेरून लावली जाते. उंचावर ती केवळ चिकटवलेली असेल तर निखळून खाली पडण्याचा धोका असतो. गंज न चढणाऱ्या क्लॅम्पचा आधार म्हणूनच हवा.

काच आणि एसीपीत धोका काय?

काचेतून ऊन थेट आत येते आणि एसीचे बिल वाढते. न उघडणाऱ्या काचेमुळे आगीच्या वेळी धूर आत कोंडतो. एसीपी म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये भराव असलेले पॅनेल. हा भराव पॉलिथिलीनचा असेल तर तो पेट घेतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ मध्ये अशाच पॅनेलमुळे आग झपाट्याने पसरली आणि ७२ जणांचा बळी गेला.

रहिवाशांनी काय करावे?

करारनाम्यात ‘उत्तम दर्जाचे एलिव्हेशन’ एवढ्यावर समाधान मानू नये. साहित्याचे नाव, एसीपीतील भरावाचा प्रकार, छज्जाची रुंदी, रंगाची हमी आणि गळतीची जबाबदारी लेखी घ्यावी. निवडलेल्या रंगाचा मोठा नमुना भिंतीवर लावून भर दुपारी पाहावा. चित्रातील रंग आणि उन्हातील रंग यात बराच फरक पडतो.