भीड आणि भांडवल

नाशकांत धंदा करण्यांत सोय कोणती, असें येथील दुकानदारास विचारिलें, तर तो बहुधा दोन गोष्टी सांगतो. मुंबईचें भाडें आपणांस परवडलें नसतें, ही एक; आणि येथली ओळख मुंबईस मिळाली नसती, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. 2011 च्या शिरगणतींत या शहराची वस्ती 14 लाखांवर गेली. तरी सराफ बाजार, भांडी बाजार व मेन रोड येथील व्यवहाराची रीत अद्याप लहान गांवाचीच आहे. गिऱ्हाइकाच्या वडिलांचें नांव दुकानदारास ठाऊक असतें, आणि लग्नसराईंतल्या खरेदीचा हिशेब दिवाळीस चुकता होतो.

ही ओळख म्हणजे खरोखरीचें भांडवल आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तिच्याच बळावर येथील व्यापाऱ्यांनीं 1959 सालीं नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. परंतु याच झाडास दुसरेंही एक फळ लागतें, व त्याचें नांव भीड. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वाडवडील सांगून गेले, तें कांहीं उगाच नव्हे.

पेठेंतलेंच उदाहरण घ्या. उधारी थकली कीं ओळखीच्या घरीं मागावयाची लाज वाटते. न मागावें तर ठोक व्यापाऱ्याचें देणें भागत नाहीं. सातपूर व अंबड येथील लहान कारखानदाराची गोष्ट याहून बिकट. मोठ्या कारखान्यांस सुटे भाग करून देणें हा त्यांतील पुष्कळांचा धंदा. मालाचे पैसे फार तर 45 दिवसांत मिळावे, न मिळाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज पडावें, असा कायदा सरकारनें 2006 सालींच केला आहे. पण गिऱ्हाईक दोन-तीनच. त्यांतील एकावर तक्रार केली तर उद्यां काम कोण देईल, या धास्तीनें कायदा पुस्तकांतच राहतो. कामगाराचा पगार मात्र महिन्याच्या महिन्यास द्यावाच लागतो.

गोदावरीस तर कोणाचीच भीड नाहीं. 2008, 2016 व 2019 सालीं तिचें पाणी बाजारपेठेंत शिरलें. पाणी दुतोंड्या मारुतीच्या किती वर चढलें, हें पाहून दुकानदार माल हलवितात; पूर ओसरला कीं चिखल काढतात, चार दिवस महानगरपालिकेस दोष देतात, आणि गप्प बसतात. नाला कोठें व कोणाच्या बांधकामानें तुंबला, हें आळींत सर्वांस ठाऊक असतें. पण तो शेजारी! मग बोलावयाचें कोणीं?

कोणी म्हणेल, शेजाऱ्याशीं वांकडें घेऊन लहान शहरांत राहावयाचें कसें? आक्षेप खरा आहे. एकट्यास हें कठीण, म्हणूनच तें संस्थेनें करावें. सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या निमा व आयमा या संघटना आहेत. थकलेल्या देण्यांची यादी, लहान कारखानदाराचें नांव पुढें न करितां, त्यांनींच मोठ्या कारखान्यांपुढें मांडावी. पेठेंतील मंडळांनीं प्रत्येक पुराची नुकसानी दुकानवार लिहून ठेवावी आणि विमा एकत्र उतरवावा. 2026-27 च्या सिंहस्थाच्या निमित्तानें गोदाकांठीं मोठा खर्च योजिलेला आहे. घाटांच्या बरोबरीनें नाल्यांचेंही काम व्हावें, ही मागणी सह्यांनिशीं आधींच गेली पाहिजे. पर्वणी उलटल्यावर केलेल्या तक्रारीस उत्तर देण्यास कोणी मोकळा नसतो.

उधार देतांना जी ओळख उपयोगी पडते, ती हक्क मागतांना कां पडूं नये? नाशिकच्या बाजारानें आतां एकमुखानें बोलावयास शिकावें. नाहीं तर ओळख तेवढी राहील, बाजार राहणार नाहीं.