वसईच्या परसबागेतील हिवाळी तण

भातकापणी आटोपली, की वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, वाघोली, नाळे आदी गावांतून भाजीपाल्याचे वाफे तयार होऊ लागतात. केळी, फुले व भाजीपाला यांच्या वाड्यांसाठी हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली, वस्ती वाढली आणि अनेक कुटुंबांकडे आता घरामागची परसबाग तेवढी उरली आहे. या लहानशा तुकड्यात मेथी-मुळा पेरला, की पंधरवड्यातच भाजीपेक्षा तण अधिक दिसू लागते.

समुद्रकाठची थंडी सौम्य असते. भोवतालची पडीक जमीन सुकून जाते, परंतु परसबागेस नित्य पाणी मिळत असल्याने लव्हाळा, हरळी, घोळ, काटेमाठ ही तणे तेथे हिवाळ्यातही जोमाने वाढतात. एका वाफ्यात तीन-चार प्रकारच्या भाज्या असल्यामुळे तणनाशकाचा उपाय येथे उपयोगी नाही; जे औषध एका भाजीस सोसते, ते शेजारच्या भाजीस जाळते. खुरपे व योग्य वेळ हीच खरी साधने होत.

सर्वांत चिवट तण म्हणजे लव्हाळा. त्याच्या जमिनीखालील गाठी एकमेकींस धाग्यांनी जोडलेल्या असतात. वरचे पाते उपटले तरी गाठ खालीच राहते व पुन्हा फुटते. कुदळीने खांडोळी केल्यास एका रोपाची अनेक रोपे होतात. म्हणून माती मोकळी करून गाठी हाताने वेचाव्यात आणि नवे कोंब दिसताच, म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा काढावेत. साठलेले अन्न संपले, की गाठ दुर्बळ होते. लव्हाळ्यास सावली सोसत नाही; तेव्हा फार माजलेल्या जागी वाल किंवा रताळ्याचे वेल दाट पसरू देणे हितावह ठरते. हरळीच्या काश्याही अशाच वेचून उन्हात पूर्ण वाळवाव्यात.

बियांपासून येणाऱ्या तणासाठी पेरणीपूर्वीच एक युक्ती करता येते. वाफे तयार करून पाणी द्यावे व आठ-दहा दिवस थांबावे. उगवलेले तण खुरप्याने वरचेवर खरवडावे, माती खोल उलथू नये. खालचे बी वर येते. त्यानंतर भाजी पेरावी. घाई असलेल्यांना हे दहा दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, पण पुढील खुरपणीचे श्रम त्यामुळे निम्म्यावर येऊ शकतात. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र टाळावे, कारण त्यातून तणाचे जिवंत बी वाफ्यात येते. मिरची-वांग्यास आळे करून तेवढ्यातच पाणी द्यावे व मधल्या जागेवर पेंढा किंवा केळीची सुकी पाने अंथरावीत.

उपटलेली घोळ ओल्या मातीवर टाकल्यास पुन्हा मूळ धरते. कोवळी असल्यास तिची भाजी करावी, हे उत्तम.

गाजरगवताचा प्रश्न वेगळा आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण देशभर पसरले. एका रोपास हजारो बिया येतात आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांस त्वचेचा विकार जडतो. शाळेच्या बागेत ते मुलांच्या उघड्या हातांनी काढवून घेऊ नये. मोठ्यांनी हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावे. कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेस वा गटाराकाठी ते उभे राहिले, तर बागेतील श्रम फुकट जातात. ती जागा ग्रामपंचायतीने किंवा प्रभागाने त्याच आठवड्यात साफ करवून घेणे आवश्यक आहे.