पाप धुणे, पाप सांगणे

पंचवटीत रामकुंडावर पहाटे उभे राहिले की पापाचा व्यवहार उघड्यावर चाललेला दिसतो. कोणी संकल्प सोडतो, कोणी क्षौर करवून घेतो, कोणी नाक दाबून गोदेत तीन बुड्या मारतो. संध्येतला एक विधी तर विलक्षणच. तळहातावर पाणी घेऊन नाकाशी न्यायचे, ऋग्वेदातले अघमर्षण सूक्त म्हणायचे, आतला पापपुरुष श्वासाबरोबर पाण्यात उतरला असे मानायचे आणि ते पाणी न बघता डावीकडे टाकून द्यायचे. या सूक्ताच्या तीन ऋचांत पापाचा शब्दही नाही. रात्र, समुद्र, सूर्य-चंद्र कसे झाले एवढेच त्यांत आहे. पाप घालवायला जगाची उत्पत्ती आठवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कारच केला पाहिजे!

पण धुणे कुठे थांबवायचे? नाशिकजवळच्या जलालपूरला, याच गोदेकाठी, लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडात अडकले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे वाचताना आधी हसू येते, मग त्या घरातल्या बायकांचे काय झाले असेल या विचाराने ते आटते. याच लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. बाईंनी आकांत केला, विरह सोसला आणि १९०० मध्ये स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती विचारातली मेख अशी, की माणूस स्वतःला धुऊ शकत नाही इथूनच तो सुरू होतो. पाप म्हणजे अंगाला लागलेला विटाळ नव्हे. ते देवाशी तुटलेले नाते आहे, आणि नाते एकट्याने जोडता येत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर ती किंमत आधीच चुकवली, अशी श्रद्धा. मग माणसाने करायचे काय? कबूल करायचे. कबुलीने क्षमा विकत मिळत नाही. आधीच देऊ केलेली क्षमा हात पुढे करून घ्यायची, एवढेच. टिळक म्हणत, आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. स्वतःला पतित म्हणवून घेत देवाच्या दारात उभे राहणारे तुकोबा ज्याने पचवले, त्याला ही वाट परकी कशी वाटावी?

चर्चलाही हे साधेपण सांभाळता आले नाही. आरंभीच्या शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त मंडळीसमोर, बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करायच्या कबुलीची रीत रुजवली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे, याच्या याद्या त्यांनी केल्या. आपल्या धर्मशास्त्रातले चांद्रायण व्रत आठवते ना, चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवण्या-घटवण्याचे? दोन टोकांना बसलेल्या, एकमेकांची वार्ताही नसलेल्या माणसांनी पापाचे असे दरपत्रक मांडावे, याचे मला फार नवल वाटते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे कबुली सक्तीची केली. सोळाव्या शतकात मधे जाळी असलेली कबुलीची पेटी आली. त्याच शतकाच्या आरंभी, १५१७ मध्ये, पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर धर्मसुधारक ल्यूथर तुटून पडला होता. आजही कॅथलिक धर्मगुरूने ऐकलेले पाप कोणालाही सांगायचे नाही. थेट गौप्यभंग केला तर बहिष्कार आपोआप लागू होतो. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले तिथे पेटीही नव्हती नि जाळीही नव्हती. सांगायचे ते थेट देवाला.

टिळकांसारख्याच ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून खोल आहे. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ हिंडल्या, पुण्यासाठी नद्यांत न्हाल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवढ्याने सुटका झाली असे त्या म्हणत नाहीत. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. बाप्तिस्म्याचे पाणीसुद्धा नुसते पाणी राहू शकते, हे सांगायला धाडस लागते. माणूस जसा आहे तशालाच क्षमा मिळते, ही खात्री त्यांना बऱ्याच वर्षांनी पटली.

मग १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे घडले ते पाहुण्या मिशनऱ्यांना झेपेना. दुष्काळातून आलेल्या, घरांतून हाकललेल्या मुली शेकड्यांनी एकत्र बसून मोठ्याने रडत होत्या. आपापली पापे बोलून दाखवत होत्या आणि मग गात, टाळ्या वाजवत, हसत होत्या. ज्यांच्याविरुद्ध सगळ्या जगाने पाप केले त्यांनी स्वतःचीच पापे मोजावीत, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. कदाचित आजवर त्यांना कोणी मनापासून ऐकलेच नसावे. शिस्तप्रिय लोकांनी या गोंगाटावर नाके मुरडली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली आणि प्रार्थना तशाच, मोठ्याने, चालू राहू दिल्या.