डॅम्ड: गीतकार गेल्यावरचा बँड

ब्रिटिश पंकचा विषय निघाला की बोलणं सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश या दोन नावांवर येऊन थांबतं. पहिली रेकॉर्ड मात्र द डॅम्डची. २२ ऑक्टोबर १९७६ रोजी स्टिफ रेकॉर्ड्सने त्यांचं ‘न्यू रोझ’ बाजारात आणलं. पिस्टल्सचं पहिलं गाणं त्यानंतर पाच आठवड्यांनी आलं. ब्रिटिश पंकचा पहिला अल्बमही यांचाच, फेब्रुवारी १९७७चा. तरीही या बँडला दुसऱ्या रांगेत बसवतात, कारण त्यात कोण आहे आणि कोण नाही याचा पत्ताच लागत नाही. मला तो मोलाचा वाटतो तो नेमका या उलथापालथीमुळे.

सुरुवातीला चौघे होते. काळे कपडे आणि पांढराफटक चेहरा घेऊन स्टेजवर येणारा गायक डेव्ह व्हॅनियन आधी कबरी खोदायचं काम करायचा. बासवरचा कॅप्टन सेन्सिबल आणि ड्रमवरचा रॅट स्केबीज क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये साफसफाई करत. गिटार ब्रायन जेम्सकडे होती आणि पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही त्याचीच. लंडनमधल्या पाथवे नावाच्या चिमुकल्या, आठ ट्रॅकच्या स्टुडिओत निक लोवने ती ध्वनिमुद्रित केली. आजही ती ऐकताना धाप लागते.

दुसऱ्या अल्बमसाठी त्यांना निर्माता म्हणून सिड बॅरेट हवा होता. मिळाला पिंक फ्लॉइडचाच ड्रमर निक मेसन. अल्बम आपटला, स्केबीज बाहेर पडला आणि १९७८च्या सुरुवातीला बँड मोडला. गाणी लिहिणारा माणूसच वेगळ्या वाटेने गेला, म्हणजे सगळं संपलं असंच कोणीही म्हणालं असतं.

पण उरलेले तिघे पुन्हा जमले. सेन्सिबलने बास खाली ठेवून गिटार उचलली, द सेंट्समधून आलेल्या अल्जी वॉर्डने बास सांभाळला, आणि १९७९मध्ये ‘मशीन गन एटिकेट’ आला. माझ्या मते बँडचं सर्वोत्तम काम हेच. जेम्सच्या गाण्यांत वेग होता. इथे वेगाच्या जोडीला चाली आल्या, ऑर्गन आला, साठच्या दशकातल्या सायकेडेलिक संगीताचा रंग आला. सेन्सिबलच्या अंगात एवढी सुरावट आहे हे तो बास वाजवत होता तोवर कळायला मार्गच नव्हता. त्याच वेसेक्स स्टुडिओत क्लॅशचं ‘लंडन कॉलिंग’ चाललं होतं. त्या बँडचे जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन मधेच येऊन कोरसमध्ये आवाज देऊन गेले. पुढच्याच वर्षी बासवर पॉल ग्रे आला आणि ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये सतरा मिनिटांचं गाणं करण्याचं धाडस या पंक बँडने दाखवलं.

पुढे १९८४मध्ये सेन्सिबलही गेला. कीबोर्डवरच्या रोमन जगने गिटार घेतली, आणि १९८६मध्ये ‘एलॉइज’ हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. एवढं व्यावसायिक यश मूळ चौघांना कधीच मिळालं नव्हतं. नव्वदच्या दशकात व्हॅनियन आणि स्केबीज यांचं बिनसलं. सेन्सिबल परतला, स्केबीज दुरावला. टोनी व्हिस्कॉन्टीने निर्माण केलेला ‘ईव्हिल स्पिरिट्स’ २०१८मध्ये सातव्या क्रमांकावर गेला, म्हणजे अल्बमांच्या पहिल्या दहांत शिरायला बँडला चार दशकं लागली.

२०२२च्या अखेरीस मूळ चौघांनी ब्रिटनमध्ये मोजक्या मैफली केल्या. मार्च २०२५मध्ये जेम्स वारला. त्याआधीच, २०२३मध्ये, स्केबीज ड्रमवर परत आला होता. व्हॅनियन, सेन्सिबल, स्केबीज आणि ग्रे: ‘द ब्लॅक अल्बम’ केलेला संच पुन्हा एकत्र वाजवू लागला.