लालीपेक्षा स्राव बोलका

मराठीत ‘डोळे येणे’ या एकाच शब्दप्रयोगात निदान तीन वेगळे आजार सामावलेले आहेत, आणि औषधाची गल्लत बहुधा तेथूनच सुरू होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर व पापण्यांच्या आतल्या बाजूस असलेल्या पातळ, पारदर्शक आवरणाला नेत्रश्लेष्मला म्हणतात. तिला दाह झाला की तिच्यातील रक्तवाहिन्या रुंदावून डोळा लाल होतो. दाहाचे कारण विषाणू असो, जीवाणू असो वा परागकण, लाली सारखीच दिसत असल्याने तिच्यापेक्षा स्राव आणि खाज यांची साक्ष अधिक मोलाची ठरते.

पाण्यासारखा स्राव, वाळू गेल्यासारखे खुपणे आणि एका डोळ्यातून दोनतीन दिवसांत दुसऱ्याकडे सरकणे ही विषाणूची खूण असून, बहुतेक वेळा तो अॅडेनोव्हायरस असतो. १९६९ मध्ये घानात उद्भवलेल्या, रक्तस्राव घडवणाऱ्या साथीमागे मात्र एंटेरोव्हायरस होता. चांद्रमोहिमेचे ते वर्ष असल्याने तेथील लोकांनी तिला ‘अपोलो’ म्हटले, तर १९७१ च्या युद्धकाळात बंगालमध्ये तिचे नाव ‘जय बांगला’ पडले. असे विषाणू नजरेने नव्हे, तर हात, रुमाल आणि उशीच्या अभ्र्यामार्फत पसरतात, त्यामुळे काळा चष्मा उन्हाचा त्रास कमी करतो, संसर्ग नाही. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही; थंड पाण्याच्या घड्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि एकदोन आठवड्यांचा धीर बहुधा पुरतो.

सकाळी पापण्या चिकटवणारे घट्ट पिवळे चिपड जीवाणूंकडे बोट दाखवते व तेथे प्रतिजैविक थेंब उपयोगी पडतात. नवजात बाळाचे डोळे चिकटले, किंवा तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे यांपैकी काहीही जाणवले, तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे.

दोन्ही डोळ्यांना असह्य खाज सुटत असेल तर ती बहुधा अॅलर्जी असते. तिच्यावर हिस्टामिनरोधक थेंब चालतात, परंतु दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली झपाट्याने उतरवतात, म्हणून तीच बाटली दर उन्हाळ्यात पुन्हा आणली जाते. डोळ्यात हर्पिसचा विषाणू असल्यास हेच थेंब बुबुळावरील व्रण चिघळवतात; शिवाय दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि हा दाब सहसा दुखत नसल्याने दृष्टीची कड झिजेपर्यंत तो कळतही नाही.