दातांच्या रांगेतील राखेची नोंद

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांची काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकातून तयार झाली असून, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळात त्याहून फार अलीकडच्या ज्वालामुखीय राखेचे थरही आढळले आहेत. सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी भूवैज्ञानिक त्यांचा संबंध जोडतात. आज वऱ्हाडात जागृत ज्वालामुखी नाही. तथापि अशी राख चरणाऱ्या जनावराच्या शरीरात काय घडवते हे जाणून घेतल्यास इथल्या गुरांची तपासणी करतानाही त्याचा उपयोग होतो.

ज्वालामुखीची राख म्हणजे जळून उरलेला पदार्थ नव्हे, तर काचेसारख्या टोकदार कणांचा आणि खनिजांचा चुरा होय, आणि उद्रेकातील वायूंमधले फ्लोराइड या कणांच्या पृष्ठभागावर चिकटून येते. कण जितका बारीक तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे, ज्वालामुखीपासून दूर पडलेला पातळ थर जवळच्या जाड थरापेक्षा अधिक विषारी ठरू शकतो. जमिनीलगत चरणाऱ्या मेंढ्या गवताबरोबर ही राख सहज गिळतात. तिच्यामुळे दात झिजतात, आणि विरघळलेले फ्लोराइड रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवत असल्याने जनावर अडखळते, त्याला झटके येतात आणि प्रसंगी ते दगावते. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे झालेल्या उद्रेकानंतर तेथील निम्मी गुरे आणि तीनचतुर्थांशांहून अधिक मेंढ्या मेल्या, तर १९७० मधील हेक्लाच्या उद्रेकानंतर हजारो मेंढ्या व कोकरे दगावली.

फ्लोराइडची मात्रा कमी पण दीर्घकाळ असेल, तर परिणाम हाडांवर आणि दातांवर उमटतो. गुरांना वरचे पुढचे दात नसतात आणि खालच्या आठ पुढच्या पक्क्या दातांच्या चार जोड्या साधारण दोन ते चार-साडेचार वर्षांच्या वयात क्रमाने येतात. म्हणूनच बाजारात बैलाचे तोंड उघडून तो अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला (आठही दात आलेला), हे पाहून वयाचा अंदाज बांधला जातो. पशुवैद्य याच रांगेत आणखी एक गोष्ट पाहतो: दाताचे कवच हिरडीच्या आत घडत असतानाच फ्लोराइड त्यात शिरकाव करते, त्यामुळे खडूसारखे पांढरे वा तपकिरी डाग आणि खड्डे फक्त त्या काळात घडणाऱ्या जोडीवर दिसतात, तर आधीच पूर्ण झालेल्या दातांवर दिसत नाहीत. उद्रेकाच्या वेळी जुळलेल्या जनावराचे दात डागविरहित राहू शकतात, मात्र त्याच्या हाडांत फ्लोराइड साचतच राहते.

राख पडलेल्या प्रदेशात उपाय साधेच असतात: जनावरे चराईवरून काढून साठवलेल्या, झाकलेल्या वैरणीवर ठेवणे, हौद झाकणे आणि पावसाने गवत धुऊन निघेपर्यंत थांबणे. वऱ्हाडात हेच काम कडबा, कुटार आणि ढेप करू शकतात.

इथल्या गुरांच्या दातांवर डाग दिसले, तर मात्र संशय प्रथम पाण्यावर घ्यावा लागतो, कारण शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही भागांत भूजलातच फ्लोराइड अधिक आहे. अकोला जिल्ह्यातील पारससारख्या औष्णिक वीजकेंद्रांत निघणारी कोळशाची राख ज्वालामुखीच्या राखेहून वेगळी असून तिचे कण बहुतांशी गोलसर असतात, म्हणून एकीचे निष्कर्ष दुसरीला तपासणीशिवाय लावणे योग्य नाही. तरीही दातांची रांग एक प्राथमिक फरक सांगते. विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या जनावराच्या सर्व जोड्यांवर डाग असण्याचा संभव अधिक, तर थोड्या काळाच्या संपर्काची खूण एखाद्याच जोडीवर राहते. त्यामुळे पाणी, वैरण वा लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वीच शोध कोठून सुरू करावा, हे ठरवता येते.