पाण्याभोवती भरलेली सॅक

माहुली गडावर जायला पहाटे निघायचं म्हणजे आदल्या संध्याकाळी भातसानगरच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि सगळं सामान तिच्यावर ओतायचं. थेट सॅकमध्ये काहीही जात नाही. ज्याचा त्याचा ढीग ज्याच्या त्याच्यापुढे, आणि लीडर सगळ्यांत फिरत एकेक वस्तू उचलून विचारणार, "हे कशाला?" उत्तर देता आलं नाही तर वस्तू घरी राहणार. डिओला तर विचारायचीही तसदी नाही, तो थेट बाजूला. कड्याला आग्यामोहोळ असेल तिथे अंगाला असला वास नको. हाफ पँटही तशीच परत. पावसाळा सरला की वाटेवर खाजकुइलीच्या शेंगा लोंबायला लागतात. त्यांची सोनेरी कुसं उघड्या पोटरीला लागली की माणूस नाचतो, आणि चोळलं की खाज आणखी पसरते. म्हणून लांब बाह्यांचा जुना सुती शर्ट, पूर्ण पँट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट. बुटांमुळे फुरशाचीही भीती थोडी कमी होते. ते पाचोळ्यात पाचोळ्याच्याच रंगाचं होऊन बसतं, पाय पडेपर्यंत दिसत नाही.

ढिगातली सगळ्यात जड वस्तू मात्र कोणीच काढत नाही, ती म्हणजे पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. डिसेंबरात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार-पाच. त्याच हिशोबात बाकीचं बसवायचं. दुसरा टी-शर्ट की आणखी एक बाटली, असा वाद झाला तर बाटलीच जिंकते. गडावर टाकं आहे, पण टाक्याच्या भरवशावर सॅक भरू नये. उन्हाळ्यात ते पाणी कसं असेल ते तिथे पोचल्यावरच कळतं, आणि तोवर खाली पळायला पायात दम उरलेला नसतो.

भातसानगरमध्ये बसून पाण्याचा असा हिशोब करताना जरा विचित्रच वाटतं. भातसा आणि चोरणा नद्यांच्या संगमावरचं धरण इथेच आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकटा भातसा उचलतो. पलीकडचा तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईला पाणी पाजतो आहे, आणि त्याच्याच नावाच्या अभयारण्यात माहुलीचं रान येतं. पण शहापूर तालुक्यातले कित्येक पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. म्हणून ग्रुपचा एक नियम मला सगळ्यात पटतो: उन्हाळ्यात पाड्यावर कोणाकडे पाणी मागायचं नाही. मागितलं तर नाही कोणी म्हणणार नाही, आपलं अर्धं मडकंसुद्धा पुढे करतील. अडचण तीच आहे. लागेल तेवढं घरून न्यायचं. पाठ दुखली तर दुखू दे.

भरण्याचीही रीत ठरलेली. आधी सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी, मग तळाशी हलकं आणि शेवटी लागणारं: सुका टी-शर्ट, मोजे. पाण्याच्या बाटल्या पाठीला चिकटून उभ्या, दोन्ही बाजूंना सारख्या. त्या मागे, बाहेरच्या बाजूला गेल्या की वजन मागे ओढतं आणि माणूस दिवसभर वाकून चालतो. मग डबा. पोळ्यांपेक्षा दशम्या बऱ्या, दुपारपर्यंत मऊ राहतात. सोबत लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, काकड्या. ब्रेड कोणी आणलाच तर गडावर त्याचा चुरा खावा लागतो. टॉर्च एक दिवसाच्या ट्रेकलाही हवाच, कारण माहुलीच्या रानात वाटा फुटतात फार आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. त्यातला एक सेल उलटा घालून ठेवायचा. सॅकमध्ये बटण दाबलं गेलं तरी टॉर्च आतल्या आत जळून संपत नाही. काडेपेटी मात्र आम्ही नेत नाही. अभयारण्यात जाळ करायचाच नाही.

औषधाची पिशवी वरच्या कप्प्यात. क्रेप बँडेज, कापूस, मलम, पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या. एका नव्या पोराने ब्लेड आणि दोरी आणली होती, "साप चावला तर" म्हणून. दोन्ही काढून घेतली. चावल्या जागी चिरा द्यायचा नाही, वर आवळून बांधायचं नाही, चोखायचं तर नाहीच. काठीचा आधार देऊन पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि शक्य तितक्या लवकर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. नंबर कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवायचे. रानात रेंज नसते, आणि मोबाइल संपला की कोणाचाही नंबर पाठ नसतो.

सॅकच्या बाहेर काही लोंबतं ठेवायचं नाही. नाही तर कारवीच्या काठ्या ओढतात, आणि वरच्या लोखंडी शिडीवर नेमकं तेच पायरीत अडकतं.

शेवटी परीक्षा. सॅक पाठीवर, कमरेचा पट्टा आवळून दोन-चार उड्या. आत खुळखुळलं तर पुन्हा उघडा. खांदे खेचले तर पट्टा नीट बसवा, वजन कमरेवर बसलं पाहिजे. नव्या पोराची सॅक पहिल्याच उडीला डावीकडे कलली. उघडली तर दोन्ही बाटल्या एकाच बाजूला, आणि तळाशी पॉवर बँकच्या शेजारी गुपचूप परत आलेला डिओ. लीडरने तो काढला आणि त्याच जागेत आणखी एक लिटरची बाटली उभी केली.